पार्वतीकाकूंच्या दारावरचा कंदील

आमच्या घरून दिवाळीचा कंदील यावा असं आमच्या आळीत कुणालाच वाटत नसे. कंदील वाईट असत म्हणून नव्हे. सगळ्या वारूळवाडीत माझ्या वडिलांसारखा, म्हणजे दादांसारखा, कंदील करणारा दुसरा माणूस नव्हता. पण दादा कंदील करत ते फक्त ज्या घरात वर्षभरात माणूस गेलं असेल त्या घरासाठी. अशा घरात त्या वर्षी सण नसतो. कढई चढत नाही, दारात रांगोळी पडत नाही, शेजारपाजारचे फराळाचं ताट नेऊन देतात तेवढंच. दादा सात-आठ वर्षांचे असताना त्यांचे वडील ऐन पावसाळ्यात गेले आणि त्या दिवाळीला आख्ख्या आळीत त्यांचं एकट्याचं दार काळोखात होतं. बाकीची पोरं त्या दारासमोरून पळत जायची, हे त्यांनी आम्हांला एकदाच सांगितलं. पुन्हा विचारलं तर "जाऊ दे" म्हणाले. मोठेपणी हातात कात्री आली तशी त्यांनी ही रीत आपली आपणच सुरू केली. पांढऱ्या कागदाचा, झिरमिळ्या नसलेला साधा कंदील. धनत्रयोदशीला दिवस मावळताना स्वतः जाऊन त्या दारावर टांगायचा आणि चहासुद्धा न घेता परत यायचं.

पुढल्या दिवाळीला, वसुबारसेच्या सुमाराला, त्या घरचं कुणीतरी कागद काढलेला नुसता सांगाडा परत आणून देई. सोबत फराळाचं ताट असे. "घर सुटलं," एवढंच म्हणायचं. म्हणजे दुखवटा संपला, आता रंगीत कंदील लावायला, कढई चढवायला घर मोकळं झालं. सांगाडा आमच्या भिंतीवरच्या खुंटीला जाई आणि पुढच्या घराची वाट बघत तिथे लटकत राही. ही रीत कुणी ठरवून दिली नव्हती, पण चार-पाच दिवाळ्यांत ती अशी काही रुळली की जणू पूर्वापार चालत आलेली. लहानपणी मला त्या खुंटीची भीती वाटायची. आई म्हणायची, "कामट्यांना काय भ्यायचं? माणसांना भ्यावं." तिचं म्हणणं पुढे खरं ठरलं, पण तिला वाटलं होतं त्या तऱ्हेने नाही.

दादा शिंपी. रस्त्याकडच्या खोलीत मशीन आणि मागच्या दोन खोल्यांत आम्ही. दिवाळीआधीचा महिना म्हणजे शिंप्याच्या घरात माणसांपेक्षा कापडाला जास्त जागा. पहाटेपासून मशीनचा खडखडाट, त्याला मागून आईच्या स्टोव्हची घरघर, आणि या दोहोंवरून रेडिओ, जो कुणीच ऐकत नसे. आई चकल्या पाडायला बसायची ती सगळ्यांत शेवटी, कारण तळणाचा वास गिऱ्हाइकाच्या नव्या कापडाला लागतो अशी दादांची तक्रार. काज-बटण माझ्याकडे. सुई टोचून टोचून बोटांची टोकं खरखरीत व्हायची आणि मग शेवेचं पीठ मळताना मीठ झोंबायचं. या सगळ्या गडबडीत दादा तास-दोन तास काढून खाली बसत आणि कंदील करत. कामट्या मीना नदीच्या काठच्या बांबूच्या बेटातल्या, चाकूने तासून केस घसरेल इतक्या गुळगुळीत केलेल्या. सांधे बांधायला मशीनचा पांढरा दोरा, तीन पदरी. खळ आई शिजवून द्यायची, मैद्याची, चिमूटभर मोरचूद घालून, म्हणजे उंदीर लागत नाहीत. मी शेजारी बसून कागद धरायची. गाठ कशी मारायची ते त्यांनी मला शिकवलं, पण माझी गाठ नेहमी वर उमटायची. त्यांची दिसायचीच नाही.

आमच्या घरापासून चौथं घर नामदेवकाका आणि पार्वतीकाकूंचं. त्यांचा विलास एकुलता एक, एकोणीस वर्षांचा. टोमॅटोच्या हंगामात नारायणगावच्या बाजारातून वाशीला टेम्पो जायचे, त्यांच्याबरोबर क्रेट उतरवायला तो अधूनमधून जाई. एका खेपेला तो गेला आणि परत आलाच नाही. ड्रायव्हर म्हणाला, चहा प्यायला उतरला, मी गाडी बाजूला लावून आलो तर नाही. भांडण नाही, पैशाची भानगड नाही, पोरीचं काही नाही. पोलिसांत लिहून दिलं. दादा दुकान बंद ठेवून नामदेवकाकांबरोबर गेले आणि आठवडाभर वाशी, ठाणं, कल्याण करत हिंडले. दवाखान्यांत बेवारस प्रेतं ठेवतात तिथेही जावं लागलं. तिथे दादा नामदेवकाकांना बाहेर बाकावर बसवत आणि एकटे आत जात. परत आल्यावर चार दिवस त्यांनी मशीनला हात लावला नाही. काय बघितलं ते कुणाला सांगितलं नाही, आईलाही नाही.

त्यानंतर दोन दिवाळ्या आल्या. पहिल्या दिवाळीला पार्वतीकाकू कापड घेऊन दुकानात आल्या तेव्हा मी काज करत बसले होते. निळ्या रेघांचं शर्टाचं कापड. म्हणाल्या, "भाऊ, विलासचं माप हाय ना तुमच्या वहीत? त्येच धरा. जरा ढिलं ठिवा. आंग भरलं आसंल त्याचं."

दादांनी वही काढली, पान उघडलं आणि पेन्सिलने जुन्या मापाखाली नवी ओळ लिहिली, छातीला अर्धा इंच वाढवून. "बाह्याबी वाढवू का वैनी?"

"वाढवा की. उंच व्हायचं वय हाय."

दुसऱ्या दिवाळीलाही त्या आल्या, या खेपेला पिवळसर कापड. पुन्हा अर्धा इंच. दादांनी शिवणावळीचं नाव काढलं नाही आणि काकूंनीही ते मुकाट्याने मान्य केलं. रोज संध्याकाळी त्या ओसरीवरचा बल्ब लावत, तो पार सकाळी घालवत. एरवी त्या घरात काही नसे. तळण नाही, रांगोळी नाही, पणती नाही. पोरगं कुठल्या हालात असेल आणि आपण सण काय करायचा, असं त्यांचं म्हणणं. आणि शेजाऱ्यांची पंचाईत वेगळीच. फराळाचं ताट न्यावं तर त्याचा अर्थ विलास गेला असा होतो. न न्यावं तर घर उपाशी. म्हणून कुणीच जात नसे. ज्या घरी मयत झालं त्या घरी निदान माणसं येतात. त्यांच्या घरी सणही नाही आणि सुतकही नाही, माणूस म्हणून फिरकायचं नाही. दिवाळीच्या चार दिवसांत लोक त्या दारावरून मान खाली घालून जात. दादांनी सांगितलेलं ते पोरांचं पळत जाणं मला आठवे.

त्या दुसऱ्या दिवाळीला मी नववीत होते आणि आपल्याला सगळं कळतं अशी माझी पक्की समजूत होती. माझं डोकं असं चाललं की पांढरा कंदील नको, तो मेलेल्यांचा. पण रंगीत दिला तर? रंगीत म्हणजे दुखवटा नाही, नुसता सण. सणही मिळेल आणि विलासला मेलेला म्हटल्यासारखंही होणार नाही. एवढी साधी गोष्ट मोठ्या माणसांना कशी सुचत नाही, याचा मला अचंबाच वाटला. आज पन्नाशी उलटल्यावर ते सगळं मी लिहितेय आणि त्या नववीतल्या पोरीच्या कानाखाली एक वाजवावी असं मला वाटतं. मग वाटतं, तिला सोडून त्या दारात दुसरं कोण गेलं होतं? दोन्ही खरं आहे, आणि कशानेच काही बदलत नाही.

कांतीशेठच्या दुकानात पतंगाचा कागद मिळायचा. शेठ मूळचे राजस्थानचे, पण बोलायचे आमच्याच वळणाचं मराठी. त्यांनी मला उरलेसुरले तावच दिले, लाल, हिरवा, पिवळा, आणि कुणासाठी हे विचारलं नाही. सांगाडा मी खुंटीवरचा नाही घेतला. तेवढी अक्कल होती. मागच्या पडवीत बसून कामट्या तासल्या. दादांचा पांढरा दोरा घेतला असता तर त्यांच्या लक्षात आलं असतं, म्हणून काजाचा लाल दोरा वापरला. एक कामटी आखूड पडली आणि कंदील एका अंगाला जरा वाकडा झाला. मी त्या बाजूला जास्त झिरमिळ्या लावल्या, म्हणजे दिसायला नको. आईला वाटलं शाळेसाठी आहे.

धनत्रयोदशीला दादा पांढरा कंदील घेऊन ओढ्यापलीकडच्या एका घरी गेले, आणि मी माझा घेऊन चौथ्या घरी. नामदेवकाका मळ्यात होते. काकू ओसरीवर लसूण सोलत बसल्या होत्या. मी म्हटलं, "काकू, कंदील आणलाय." त्यांनी कंदिलाकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि हातातली पाकळी सुपात ठेवली.

"कुणी केला?"

मी केला असं सांगायचं मी ठरवून आले होते. पण त्यांचा चेहरा बघून मला वाटलं, पोरीने केलेला पोरखेळ म्हणून त्या परत पाठवतील. दादांच्या नावाला आळीत मान होता. मी म्हटलं, "दादांनी."

"भाऊंनी सोता?"

"हो."

"मंग ते का न्हाई आले?"

"दुकानात गिऱ्हाईक आहे."

काकूंनी सूप बाजूला सारलं. "बराबर हाय," म्हणाल्या. "कसे येतील." मग उठून आतून स्टूल आणलं, आढ्याचा खिळा दाखवला आणि "लाव" म्हणाल्या. मी टांगला. ओसरीवरचा बल्ब त्यांनी पदराने धरून स्वतः काढला आणि कंदिलात सरकवलेल्या होल्डरला लावला. भिंतीवर लाल-हिरवं पडलं. काकूंनी एक झिरमिळी बोटांत धरून बघितली. मला वाटलं त्यांना आवडला. मी उड्या मारत घरी आले आणि आईच्या ताटातली गरम चकली उचलून खाल्ली. आयुष्यात चकली इतकी चांगली पुन्हा लागली नाही, हे लिहायला मला लाज वाटते.

दादा परत येऊन हातपाय धूत होते तेवढ्यात नामदेवकाका आले. मळ्यातून तसेच, गुडघ्यापर्यंत चिखल. दारातच उभे राहिले.

"भाऊ, कुठं घावला?"

"कोण?"

"विलास. कुठं घावला ते सांग. मला सांगायचं सोडून पोरीच्या हाती कंदील धाडला व्हय रं?"

दादांनी माझ्याकडे बघितलं. तसेच ओल्या पायांनी, चप्पल न घालता ते निघाले; मागे आई, आणि आईने मनगटाला धरून ओढलेली मी.

काकू न्हाणीच्या दगडावर बसल्या होत्या. माणूस गेल्याचं कळलं की डोक्यावरून पाणी घेतात, तसं त्यांनी घेतलं होतं. अंगावरच्या लुगड्यासकट, थंड पाण्याने. केस सुटलेले, पाणी अजून निथळत होतं. रडत नव्हत्या. ते बघून आईच रडायला लागली.

"वैनी," दादा म्हणाले, "कायबी कळलेलं न्हाई. गळ्याशपथ. ह्या पोरीनं आपल्या मनानं क्येलंय."

"पोरीला कशाला पुढं करताय भाऊ?" काकूंचा आवाज अगदी सरळ होता. "ह्यांना भायेर बसवून तुमी एकटं आत जात व्हता. मला ठावं हाय. दोन वर्सं गप ऱ्हायला ते माझ्यासाठीच ऱ्हायला. लई सोसलंत. आता दिलंत सांगून, बरं झालं."

"मी आठ जनांना बघितलं वैनी. त्यात विलास नव्हता. माझी नजर चुकायची न्हाई. त्याचा डावा खांदा उतरता हाय, मी कापड कापतो त्याचं."

"व्हय व्हय," काकू म्हणाल्या, पोराची समजूत घालावी तशा. "तुमी आसंच म्हनणार."

मी धावत ओसरीवर गेले, कंदील खिळ्यावरून उतरवला आणि त्यांच्यासमोर धरला. "काकू, हे बघा, लाल दोरा आहे. दादा पांढरा वापरतात. आणि ही गाठ बघा, वर आलीय, दादांची दिसत नाही. हा एका बाजूला वाकडा आहे. मी केलाय. मी खोटं बोलले." त्यांनी गाठीकडे बघितलंच नाही. ओला हात माझ्या हनुवटीला लावला. "गुणाची हायेस," म्हणाल्या. "बापाचं ऐकतीस." आणि नामदेवकाकांना म्हणाल्या, "उभं का ऱ्हायलाय? पानी घ्या डोक्यावरनं."

नामदेवकाकांनी घेतलं नाही. पुढे भावकीतल्यांनी सुचवलं तरी त्यांनी काही विधी होऊ दिले नाहीत; माती नाही, देह नाही, कशाचे दिवस घालायचे, म्हणाले. एका घरात बाप पोराला जिवंत धरून आणि आई मेलेला धरून, अशी ती दोघं राहिली. पाडव्याला आळीतली माणसं फराळाची ताटं घेऊन त्यांच्या घरी गेली. आता जायला हरकत नव्हती. सगळ्यांना हायसंच वाटलं असावं. आईने नेलेलं ताट काकूंनी घेतलं आणि एक शंकरपाळी तोंडात टाकली. दोन वर्षांत सणाचं पहिलं. मला वाटायचं तसंच झालं होतं सगळं: कंदील लागला, माणसं आली, फराळ आला. तुळशीचं लग्न झाल्यावर काकूंनी कंदील उतरवला, आणि त्यातला बल्ब ओसरीवर परत लावला नाही. शाळेतून क्लास करून येताना मला ती ओसरी ओलांडावी लागायची. मीही तिथून पळायला लागले.

दादांनी मला मारलं नाही, बोललेही नाहीत. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. मी एकदाच विचारलं, "आता काय करायचं?" तर म्हणाले, "जे पटलं ते पटलं. आता काढून घेता येत न्हाई." आणि पायडल मारायला लागले.

पुढची दिवाळी जवळ आली तसे दादा दारावरून जाणाऱ्या बायकांकडे मान वर करून बघायला लागले. कापडांच्या गठ्ठ्यात एक कप्पा त्यांनी रिकामा ठेवला होता. मी तिथे एका गिऱ्हाइकाचं कापड ठेवलं तर उचलून बाजूला केलं. "पार्वतीवैनी आनतील," म्हणाले. माझ्याही मनात तेच. काकूंनी कापड आणलं की संपलं, चूक धुऊन निघाली. मी रोज शाळेतून आल्या आल्या तो कप्पा बघायची. आईने विचारलं तर दादा म्हणत, "येतील. अजून चार दिवस हायेत."

वसुबारसेला सकाळी काकू आल्या. एका हातात ताट, त्यावर विणलेला रुमाल, आणि दुसऱ्या हातात माझ्या कंदिलाचा सांगाडा. कागदाचा कपटाही नव्हता त्यावर. पाण्यात भिजवून, खळ खरवडून, उन्हात वाळवून आणला होता. एका अंगाला वाकडा. लाल गाठी जशाच्या तशा.

दादा मशीनवरून उठले. "वैनी, कापड?"

"कशाला भाऊ आता?" त्यांनी ताट पुढे केलं. "घर सुटलं."

मी म्हटलं, "काकू, नका देऊ परत. ठेवा तुमच्याकडे." त्या हसल्या आणि सांगाडा माझ्याच हातात दिला. आई आतून पदर सारखा करत आली, पाट मांडू लागली, पण त्या बसल्या नाहीत. ताटात बेसनाचे लाडू होते. आम्ही कुणी खाल्ले नाहीत आणि टाकलेही नाहीत. आईने ते डब्यात भरले आणि डबा फळीवर मागे सरकवला. त्या वर्षी वेशीजवळच्या एका घरात म्हातारा गेला होता. दादांनी खुंटीवरून हाताला येईल तो सांगाडा घेतला, तो माझाच निघाला. त्यांनी मला पांढरा कागद दिला आणि मी लावला. पुढे कितीतरी वर्षं तो वाकडा कंदील या घरून त्या घरी हिंडला. लोक समजत की दादांचा हात थकला.

पार्वतीकाकू त्यानंतर पाच-सहा वर्षांनी गेल्या, साध्या तापाने. नामदेवकाका मंचरला भाच्याकडे राहायला गेले. विलासचं आजतागायत काही कळलेलं नाही. हल्ली गावात तयार कंदील मिळतात, घडी घालून ठेवायचे, आणि आमची ती रीत दादांबरोबर संपली. दादा गेल्यावर दुकान आवरताना मापाच्या वह्या माझ्या हाती लागल्या. विलासचं पान सापडलं. वर त्याचं खरं माप, डाव्या खांद्यापुढे "अर्धा उतरता" असं लिहिलेलं. खाली वाढवून धरलेल्या ओळी. पहिल्या दिवाळीची एक, दुसऱ्या दिवाळीची एक. मी पान मिटणार होते, तर त्याखाली आणखी एक ओळ होती.

तिसरी ओळ. छाती आणखी अर्धा इंच, बाह्या पाऊण इंच. कापड आलेलं नसताना, त्या तिसऱ्या दिवाळीच्या आठवड्यात कधीतरी एकट्याने बसून दादांनी ती लिहून ठेवली होती. पोरगं कुठेतरी वाढतंय असं धरून चालणारा माणूस वसुबारसेला काकूंच्या समोर उभा होता, आणि वही त्याच्या उजव्या हाताला, मशीनच्या खणात. ते पान उघडून दाखवलं असतं तर काकूंनी ते वाचलं असतं. चौथीपर्यंत शिकलेल्या होत्या, आकडे त्यांना येत होते. दादा, तुम्ही खण का नाही उघडलात? विचारायला आता तुम्ही नाही, ऐकायला त्या नाहीत. तुम्ही ताट घेतलंत, "बरं" म्हणालात आणि मशीनवर बसलात. रिकाम्या कप्प्यात दुपारी दुसऱ्याचं कापड गेलं. मीच ठेवलं ते.